वाकड सुटले

आमच्या घरी भात केव्हा चढवायचा हे घड्याळ ठरवीत नाही आणि भूकही ठरवीत नाही. ते ठरते सूनबाईच्या दोन शब्दांवर. संध्याकाळी केव्हातरी फोन खणकतो आणि त्यावर अक्षरे उमटतात : 'वाकड सुटले'. ती वाचली की आमच्या सौभाग्यवती तांदूळ धुऊन निथळत ठेवतात. पुढे बऱ्याच वेळाने 'उर्से' असा एकच शब्द येतो. म्हणजे टोलनाका मागे पडला. मग कुकर चढतो. सगळे सुरळीत असले तर कुकरची शेवटची शिट्टी आणि अंगणाच्या फाटकाची कडी एकाच वेळी वाजतात, आणि त्या दिवशी ही माझ्याकडे अशा नजरेने पाहते की जणू पुण्याहून येणारी सगळी वाहतूक तिनेच झाऱ्याने वळवून आणली आहे.

गार भात पुन्हा ऊन करून वाढणे हा तिच्या मते गृहिणीचा पराभव. त्यामुळे वाकडच्या पुलाशी आमच्या पानातल्या भाताचा संबंध कसा, हे आमच्या नातीलासुद्धा पहिलीत असल्यापासून ठाऊक आहे. शाळेत बाईंनी विचारले, "भात कसा शिजतो?" तर ती म्हणाली, "आई वाकडहून सुटली की."

आम्ही वलवणचे. लोणावळा सोडून पुण्याकडे निघालात की लागते ते वलवण. एका बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता, दुसऱ्या बाजूला द्रुतगती मार्ग, त्यावरून लोणावळ्यात उतरायची वाट, आणि मागे टाटांचे धरण. माझे वडील त्या धरणावर कामाला होते. तिथले पाणी नळांतून खाली खोपोलीला उतरते आणि तिथल्या वीजघराची चाके फिरवते. १९१५ पासून हे चालले आहे. लहानपणी वडील सांगत, "पाण्याचे बरे असते. त्याला समोरून पाणी येत नाही." या वाक्याचा अर्थ कळायला मला सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षे काढावी लागली. मी ओव्हरसियर होतो. पुढे त्या पदाचे नाव बदलले, पगार वाढला, पण गावात मला आजही 'ओव्हरसियरसाहेब' म्हणतात आणि खरे सांगायचे तर मला ते आवडते.

मुलाचे लग्न झाले तेव्हा सगळ्यांनी आम्हांला भाग्यवान ठरवले. मुलगा बेलापूरला नोकरीस, सून हिंजवडीला, एका संगणक कंपनीत. दोघांच्या मध्ये आमचे घर. एक घाट चढून यायचा, दुसरी पठारावरून यायची, आणि तराजूच्या काट्यासारखे मध्ये वलवण. व्याही गमतीने म्हणाले, "मुलीला सासर बघताना पत्रिकेऐवजी नकाशा जुळवला." जुळलेही होते. काही दिवस.

२०१८ च्या जुलैमधली गोष्ट. पाऊस असा की समोरचा डोंगर चार दिवस दिसला नव्हता. रात्रीचे साडेनऊ झालेले. नात आजीच्या मांडीवर पेंगत होती. सूनबाई आली, पर्स खुंटीला अडकवली, ओल्या पदराने तोंड पुसले आणि न जेवताच बसून राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी हिशेब केला. वलवण ते वाकड मला पन्नास मिनिटे लागतात. आणि वाकडच्या पुलापासून माझ्या टेबलापर्यंत एक तास दहा मिनिटे. चाळीस किलोमीटरला पन्नास आणि पाचाला सत्तर."

मी रस्त्यांचा माणूस; मला काही तोडगा सुचावा अशी तिची अपेक्षा होती की काय कोण जाणे. मी गप्प राहिलो. तेव्हा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "वाकडला एक जागा पाहिली आहे. दोन खोल्या. पुढच्या महिन्यात विसार द्यायचा."

कुणी भांडले नाही. आमच्या घरात मोठी गोष्ट घडते तेव्हा कुणी भांडत नाही, फक्त ताटे जरा हळू ठेवली जातात. वाकडला बिऱ्हाड म्हणजे मुलाला बेलापूर दुप्पट दूर. म्हणजे तो आठवड्यातले चार दिवस पनवेलला मित्राकडे. म्हणजे नात पाळणाघरात. आणि आम्ही दोघे वलवणला, रविवारची वाट पाहत. हा सगळा हिशेब मी त्या रात्री अंथरुणात केला. एका कुटुंबाचे तीन तुकडे होत होते, आणि त्याला कारण ना भाऊबंदकी होती, ना सासूसुनेचे वैर. कारण होते पाच किलोमीटर रस्ता.

त्या पाच किलोमीटरांविषयी थोडे सांगितले पाहिजे. हिंजवडी हे मुळशीतले गाव. उसाचे मळे, ओढे, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. सांगतात की येथे साखर कारखाना उभारायचा घाट होता. तो पुढे कासारसाईकडे सरकला आणि उसाच्या जागी संगणक आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवायला घेतले. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, असे ते माणच्या डोंगराकडे पसरत गेले. कामाला येणारी माणसे वाढून लाखांवर गेली. आतले रस्ते तसे बरे. पण या सगळ्या पसाऱ्याला महामार्गाकडून शिरायच्या वाटा मोजक्या : एक वाकडच्या पुलाखालून, एक भूमकर चौकातून, आणि त्या येऊन पडत होत्या हिंजवडी गावातल्या शिवाजी चौकात. रांजणाचे पोट घागरीएवढे असो की विहिरीएवढे, तोंड तांब्याएवढे असेल तर पाणी तांब्यानेच निघणार.

मी सूनबाईला म्हटले, "उद्या मी तुझ्याबरोबर येतो."

"कशाला, बाबा?"

"मोजायला."

निवृत्त माणसाच्या हट्टाला घरातले लोक औषधासारखे मानतात. हरकत घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वही, पेन्सिल आणि छत्री घेऊन मी गाडीत बसलो. तिने मला शिवाजी चौकाच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी सोडले. 'सोडले' कसले, गाडी उभीच होती, मी दार उघडून उतरलो आणि चालत पुढे गेलो. चहा मागवून, तो पिऊन झाल्यावर माझ्यासमोरून सूनबाईची गाडी गेली. तिने हात हलवला. मीही हलवला.

माझ्या पिढीतल्या रस्तेवाल्यांची मोजायची एक पद्धत असते. वाहन गेले की उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दुचाकीचा रकाना वेगळा, मोटारीचा वेगळा, बसचा वेगळा. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आले की वाहने मोजण्यात अर्थ नाही. मोजायला हवे होते ते थांबणे. चौकात एक हवालदार होता. त्याने एका बाजूला हात दाखवला की ती बाजू हलायची. पहिली गाडी जागची उठायला दोन-तीन सेकंद, तिच्यामागची तिच्याकडे बघून उठणार. शेवटी वेग येतो न येतो तोच हात पडायचा. पण तेवढ्यात उजवीकडे वळू पाहणारी एखादी बस मधोमध अडकलेली असायची, कारण तिच्या पुढची वाट आधीच भरलेली. म्हणजे आता ज्यांना हात मिळाला त्यांनाही हलता येत नाही. त्यांचा वेळ उभ्याउभ्याच संपायचा. चार बाजूंना वाटलेला तास, आणि प्रत्येक वाटपात थोडी गळती. चहा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना दर वेळी काही थेंब बशीत सांडतातच; तसेच, फक्त येथे माणसांच्या आयुष्याची मिनिटे सांडत होती.

टपरीवाल्याने विचारले, "काका, सर्वेवाले का?"

"होतो."

"मग लिहा, रस्ता रुंद करा. सगळे हेच लिहून नेतात."

मी काही लिहिले नाही, कारण मला माझे एक जुने पाप आठवले. ऐंशीच्या सुमारास एका तालुक्याच्या गावी (नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला ओळखतात) बाजाराच्या तिठ्यावर अशीच कोंडी होत असे. आम्ही अंदाजपत्रक केले आणि रस्ता दोन्ही अंगांनी रुंद केला. त्यासाठी तीन वड पडले. त्यांतल्या एकाखाली आठवड्याच्या बाजारी म्हाताऱ्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन बसत. त्या उन्हात आल्या. तिठा मोकळा झाला, साहेबांनी पाठ थोपटली. महिन्याभराने पाहतो तर कोंडी तिथून उठून दीड फर्लांगावरच्या मोरीवर जाऊन बसलेली. मोरी अरुंद होती. आधी तिठ्यावरच वाहने अडून थोडी थोडी सुटायची म्हणून तिच्यावर भार येत नसे. आम्ही तिठा उघडला आणि सगळा लोंढा मोरीच्या अंगावर घातला. वड मात्र परत उभे राहिले नाहीत. पुढे मोरीही रुंद झाली. तोवर माझी बदली झाली होती.

याच जातीची एक गोष्ट डीट्रिश ब्राएस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली कागदावर सिद्ध करून दाखवली आहे. रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा रस्ता वाढवला, तर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. कारण जो तो आपल्यापुरती जवळची वाट धरतो आणि ती वाट सगळ्यांची होऊन बसते. मला हे निवृत्त झाल्यावर कळले. आधी कळते तर निदान एखादा वड वाचवण्यापुरता वाद घालता आला असता.

संध्याकाळी आम्ही परत आलो, आणि मी जेवणाच्या वेळी कोष्टक काढून समजावू लागलो. चार रस्ते जिथे मिळतात तिथे वाहनांच्या वाटा एकमेकींना छेदतात, मिळतात, फुटतात अशा बत्तीस जागा असतात. त्यांतल्या सोळा आरपार छेदणाऱ्या, म्हणजे सगळ्यांत वाईट. मी ताटात पापडाचे तुकडे मांडून त्या सोळा जागा दाखवल्या. ही शांतपणे पाहत होती. मग म्हणाली, "अहो, एकवीरेच्या देवळात चैत्रात केवढी गर्दी असते. तिथे तुमच्या हवालदाराला कोण बोलावतो?"

"म्हणजे?"

"प्रदक्षिणा सगळे एकाच बाजूने घालतात. कुणी उलटा निघाला तर त्यालाच लोक फिरवतात. मध्ये देवी, बाहेर माणसे, आणि सगळी एका दिशेने. कुणाचे डोके कुणावर आपटत नाही."

मी पापडाचे तुकडे गोळा केले. वाटोळ्या फेरीत त्या बत्तीस जागांच्या आठच उरतात, आणि आरपार छेदणारी एकही उरत नाही. हे पुस्तकात मी वाचले होते. पण कार्ल्याच्या गडावर शंभर वेळा प्रदक्षिणा घालून ते मला दिसले नव्हते. तिला दिसले होते. ती शंकराच्या देवळाचा दाखलाही देणार होती, पण तिथे सोमसूत्री प्रदक्षिणा, अर्ध्यावरून परत फिरायचे, म्हणून तो तिचा तिनेच मागे घेतला.

आमच्या जेवणघरातला हा ठराव अर्थात कुणी विचारला नाही. पण योगायोग पाहा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, आणि पावसाळा सरता सरता हिंजवडीत चक्राकार वाहतूक आली. शिवाजी चौकातून वाटेल तसे आडवे-उभे जाणे बंद. पहिल्या टप्प्यातल्या रस्त्यांवरून सगळ्यांनी एकाच दिशेने वळसा घालायचा, आणि आपापला फाटा आला की डावीकडे बाहेर पडायचे. नवा पूल नाही, भूसंपादन नाही, वड पाडणे नाही. बाणाच्या पाट्या, अडथळे, आणि भर पावसात उभे राहून शिट्ट्या फुंकणारे हवालदार.

पहिल्या दिवशी सूनबाई संतापून घरी आली. "एक किलोमीटर जास्त फिरवले, बाबा! समोर कंपनी दिसते आहे आणि आम्हांला उलट्या बाजूला हाकलतात!" मी विचारले, "पोहोचलीस केव्हा?" ती थांबली. फोन काढून पाहिले. वाकडपासून चाळीस मिनिटे. तिने पुन्हा पाहिले. दुसऱ्या दिवशी अडतीस. आठवड्याने ती वळशाविषयी बोलेनाशी झाली, आणि बायकांचे असे आहे की तक्रार थांबली की समजावे, गोष्ट मान्य झाली.

विसाराची तारीख दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा कुणी तिचा उल्लेख केला नाही. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. वसुबारसेला सूनबाई दिवेलागणीच्या आत घरी आली आणि नातीला घेऊन अंगणात पणत्या लावत बसली. मुलगा घाट चढून आला, बूट काढता काढता मला म्हणाला, "बाबा, वाकडच्या जागेचे रद्द केले." एवढेच. मी 'बरे' म्हटले आणि स्वयंपाकघरात गेलो, कारण चकल्या तळल्या जात होत्या आणि डोळ्यांत धूर जायला ती जागा बरी होती.

घाटाविषयी बोलल्याशिवाय वलवणच्या माणसाचा लेख पुरा होत नाही. आमच्या भागाचा सगळा इतिहासच एका कोंडीचा इतिहास आहे. बोरघाटातून गाडीचा रस्ता सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० ला खुला केला. त्याआधी माल यायचा तो बैलांच्या पाठीवरून आणि साहेब यायचा तो पालखीतून. मग १८६३ ला आगगाडी घाट चढली. ही वाट इंजिनियरांना सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून त्यालाच मारले, अशी आमच्याकडची कथा. घाटात त्याचे देऊळ आहे. जुन्या रस्त्याने जाणारा ड्रायव्हर तिथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नसे. मी खात्यात असताना एका तरुण साहेबांनी मला विचारले होते, या देवाचा रस्त्याशी काय संबंध? मी म्हटले, साहेब, आपल्या खात्याचा आद्य सर्व्हेयर आहे; पेन्शन मिळाली नाही, म्हणून लोक वर्गणी देतात.

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. सहा पदरी, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. वाटले, संपली कोंडी. पण घाटात नवा आणि जुना रस्ता काही अंतर एकत्र येतात, आणि तिथे पुन्हा तेच, रांजणाचे तोंड. तिथेच अमृतांजन पूल होता. बामाच्या जाहिरातीवरून पडलेले नाव. ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल, त्याचे खांब भर रस्त्यात, आणि मुलगा रोज त्याच्या कमानीखालून खुरडत यायचा. ५ एप्रिल २०२० ला तो सुरुंग लावून पाडला. टाळेबंदीमुळे रस्ता ओस होता, म्हणून जमले. आम्ही ते दूरदर्शन संचावर पाहिले; घरापासून इतक्या जवळ आणि तरी जाता येत नव्हते. पूल वाईट होता, वाहतुकीला अडत होता, सगळे खरे. तरी दगड खाली बसले तेव्हा मी उठून उभा राहिलो. आमच्या पिढीने पुलांची उद्घाटने पाहिली. आता पाडण्याची पाहतो आहोत. त्याच वर्षी पुण्यात विद्यापीठ चौकातले पूल पाडले, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी. २०२२ च्या २ ऑक्टोबरला चांदणी चौकातला पाडला.

टाळेबंदीत मुलगा आणि सून दोघेही घरून काम करू लागले. रस्त्यावर चिटपाखरू नाही; म्हणजे चिटपाखरेच होती, मोटारी नव्हत्या. भात रोज वेळेवर. आणि गंमत पाहा, ही कंटाळली. "कुणी कुठून सुटतच नाही," म्हणाली. रात्री आठ वाजता फोनकडे तिची नजर जायचीच.

पुढे कचेऱ्या उघडल्या, आणि वाकडचे गणित पुन्हा बिघडले. माण ते शिवाजीनगर अशी तेवीस किलोमीटरची मेट्रो आखली होती. तिचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला झाले होते. तिचे खांब उभे राहू लागले आणि ज्या रस्त्यांवर चक्र फिरत होते त्यांच्याच मध्ये पत्रे लागले. अडतीसाची पंचावन्न मिनिटे झाली. इकडे घाटाला बगल देणारा कुसगाव ते खोपोली असा तेरा किलोमीटरचा मार्ग २०१९ मध्ये बांधायला घेतलेला, त्यातला जवळजवळ नऊ किलोमीटरचा एक बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून. म्हणजे मुलाची वाट डोंगर फोडून सरळ केली जात होती आणि सुनेची खांबांत अडकली होती. सूनबाईने मग आठवड्यातून तीन दिवस जायचे ठरवून घेतले. वाकडच्या जागेचा विषय निघाला नाही. मी मात्र त्याची वाट पाहत असे. कान टवकारून, चोराच्या पावलांची पाहावी तशी.

आता शेवटी मागच्या एका भाऊबीजेची गोष्ट सांगतो, आणि थांबतो.

आमची मुलगी पनवेलला दिलेली. तिला आणायला मुलगा घाट उतरून गेला होता. सूनबाई सकाळीच नातीला घेऊन आपल्या भावाला ओवाळायला चिंचवडला गेली होती. दोघांनी संध्याकाळी सातच्या आत यायचे, मग आमच्याकडची ओवाळणी, मग जेवण. सुटीचे दिवस. मुंबईची निम्मी माणसे लोणावळ्याला आलेली, आणि त्यांतली निम्मी चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्या लावून उतरलेली. (कोंडीवर जगणारा एक धंदा आहे आणि तो आमच्या गावचा आहे; त्याविषयी मी वाईट बोलणार नाही, चिक्की मलाही आवडते.) सात वाजले, साडेसात वाजले. 'खालापूर' येऊन गेले होते, 'कामशेत' येऊन गेले होते. भात शिजून तयार होता. आठ वाजता दोघांचाही निरोप एकदमच आला. मुलगा लिहितो : 'वलवणच्या फाट्यावर आहोत, दोनशे पावलांवर.' सून लिहिते : 'वलवणच्या फाट्यावर, समोर आपली गल्ली दिसते.'

मी टॉर्च घेतली आणि पायांत चपला सरकवल्या. ही ओरडली, "अहो, गुडघा!" पण मी फाटकाबाहेर होतो.

फाट्यावर पाहतो तो हिंजवडीच. आमची गल्ली रस्त्याच्या ज्या अंगाला, त्याच अंगाला पर्यटकांचे बंगले. मुंबईकडून येणाऱ्याला तिथे डावीकडे सहज वळता येते. पुण्याकडून येणाऱ्याला मात्र समोरची रांग कापून उजवीकडे शिरावे लागते. शिरणाऱ्या पाच-सहा मोटारी तिरप्या उभ्या, समोरची रांग त्यांच्या नाकाला नाक लावून, मागे दोन्हीकडे दिव्यांची माळ. सगळे हॉर्न वाजवीत होते. हॉर्नने रस्ता रुंद होत नाही, हे माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एकाही वाहनचालकाला पटलेले नाही.

मी मधोमध उभा राहिलो, टॉर्च पेटवली आणि तिरप्या गाड्यांना सरळ करू लागलो. "उजवीकडे बंद! सरळ जा, पुढे रुंद जागा आहे, तिथून वळून या, मग डावीकडे शिरा!" एकाने काच खाली करून विचारले, "आजोबा, तुम्ही कोण?" मी म्हटले, "ओव्हरसियर." शब्दात काही तरी जोर असावा, त्याने गाडी सरळ केली. दुसऱ्याने केली. तिसरी एक निळी गाडी हलेना. मी टॉर्च थेट काचेवर धरली आणि ओरडलो, "ऐकू येत नाही का? पुढे!"

काच खाली आली. "बाबा, मी आहे."

मागच्या सीटवरून नात म्हणाली, "आजोबा, आपले घर तर इथेच आहे!"

क्षणभर माझा हात खाली आला. गल्लीचे तोंड तिच्यापासून पंधरा पावलांवर. तिच्यामागे चाळीस गाड्या, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तिला एकटीला आत सोडले असते तर मागचा एकही जण पुढे गेला नसता. सूनबाईने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता चाक सरळ केले. जाता जाता एवढेच म्हणाली, "एक किलोमीटर जास्त, बाबा."

पाच मिनिटांत समोरची रांग वाहू लागली. त्यात मुलाची गाडी आली, डावीकडे वळली आणि आत गेली. मुलीने खिडकीतून हात बाहेर काढून मला सलाम ठोकला. मी तिथेच उभा राहिलो. लोणावळ्याकडून येणाऱ्या दिव्यांत मी निळी गाडी शोधत होतो. गुडघा ठणकत होता. सातव्या मिनिटाला ती आली, डावीकडचा दिवा मिचकावीत, माझ्यासमोरून वळली. नात खिडकीला नाक लावून मोठ्याने मोजत होती. गाड्या की मिनिटे, कळले नाही.

घरी गेलो तेव्हा निरांजन लागले होते, मुलगी पाटासमोर ताम्हण घेऊन उभी होती आणि ही स्वयंपाकघरातून विचारत होती, "सगळे सुटले ना? कुकर पुन्हा लावते. आधीचा भात मी गाईला घातला."